स्टुडिओ घरी आला, रेकॉर्डिस्ट आला नाही

घरात स्टुडिओ थाटण्याचं आता फारसं अप्रूप राहिलेलं नाही. लॅपटॉप बहुतेकांकडे असतोच. त्याला जोडायचा दोन माइकांचा इंटरफेस, एक बरा माइक, स्टँड, केबल आणि हेडफोन एवढं पंचवीस-तीस हजारांत येतं. अभंग गाणारे, ऑडिओबुकं वाचणारे, पॉडकास्ट चालवणारे, डबिंगच्या चाचण्या घरूनच पाठवणारे लोक आता तालुक्याच्या गावीही भेटतात. तरीही घरी केलेलं रेकॉर्डिंग बहुधा पहिल्या दहा सेकंदांतच ओळखू येतं. आवाज घुमतो, ‘स’ कानाला टोचतो, डग्गा एक तर गायब असतो नाहीतर सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला असतो. मग खापर माइकवर फुटतं, त्याहून महागडा माइक घरी येतो आणि तेच दोष आणखी स्पष्ट ऐकू येतात.

घरच्या स्टुडिओची महती सांगताना काही नावं हमखास घेतली जातात. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल याने हॉलिवूडमधल्या आपल्या गॅरेजमध्ये एकावर एक गिटारी चढवून केलेलं ‘लव्हर’ १९४८मध्ये बाजारात आलं. टॅस्कम कंपनीने १९७९मध्ये ‘पोर्टास्टुडिओ’ आणला आणि साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घरी भरता येऊ लागले. ब्रूस स्प्रिंगस्टीनचा १९८२चा ‘नेब्रास्का’ हा अल्बम असाच न्यू जर्सीतल्या घरात पोर्टास्टुडिओवर झाला. आपल्याकडे ए. आर. रहमानने १९८९मध्ये चेन्नईत घराच्या आवारातच ‘पंचतन’ स्टुडिओ उभारला, आणि १९९२मध्ये ‘रोजा’ आला. अलीकडचं उदाहरण बिली आयलिशचं: भावाच्या झोपायच्या खोलीत रेकॉर्ड केलेल्या तिच्या २०१९च्या अल्बमवर पुढच्या वर्षी ग्रॅमींची खैरात झाली.

या गोष्टींचा अर्धाच भाग सांगितला जातो. आयलिशचा अल्बम झोपायच्या खोलीत गायला गेला हे खरं, पण त्याचं मिक्सिंग रॉब किनेल्स्की या व्यावसायिक इंजिनिअरने केलं आणि मास्टरिंग जॉन ग्रीनहॅमने. ‘नेब्रास्का’ची कॅसेट तबकडीवर नीट उतरवताना अनुभवी माणसांच्या नाकी नऊ आले होते. रहमानच्या गाण्यांमागे एच. श्रीधर यांच्यासारखा कसलेला इंजिनिअर वर्षानुवर्षं उभा होता. जागा घरची होती, कान मात्र मुरलेले होते.

ते कान तयार व्हायचे कसे? लंडनच्या ईएमआय स्टुडिओत जेफ एमेरिक १९६२मध्ये पोरसवदा साहाय्यक म्हणून लागला आणि चार वर्षांनी, विशीत, बीटल्सच्या ‘रिव्हॉल्व्हर’चा इंजिनिअर झाला. रिंगोच्या मोठ्या ड्रममध्ये लोकरीचा स्वेटर कोंबून माइक पार जवळ नेण्याचं धाडस त्याने केलं, कारण मधल्या काळात लांबवर ठेवलेल्या माइकचे आवाज त्याने शेकडो वेळा ऐकले होते. परळच्या राजकमल कलामंदिरात मंगेश देसाईंसारखे ध्वनिमिश्रणकार ज्या काळात काम करत होते, त्या काळात हा धंदा शिकायची वाट एकच होती: कोपऱ्यात बसायचं, केबली गुंडाळायच्या आणि ऐकायचं. चुकीचा माइक लावला की मागून कुणीतरी म्हणायचं, ‘जरा मागे घे.’ आज यंत्रं स्वस्त होऊन घरी आली, पण मागून बोलणारा तो माणूस काही घरी आला नाही. घरबसल्या ध्वनिमुद्रण शिकण्यातली खरी अडचण ही आहे, आणि बाजार ती माइक विकून सोडवू पाहतो.

क्रमाचा विचार केला तर पहिला धडा खोलीचा. बाजारात तो शेवटी येतो, कारण खोली विकता येत नाही.

आपल्याकडच्या फ्लॅटमधली ठरलेली खोली दहा बाय दहाची, छतही साधारण दहा फुटांवर. ध्वनिमुद्रणासाठी याहून वाईट आकार शोधून सापडणार नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर अंतर असलेल्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा नाद अडकून फुगतो आणि त्याच्या पटीतले ११२, १६८ हेही फुगतात. लांबी, रुंदी, उंची वेगवेगळी असेल तर हे फुगवटे विखुरतात. तिन्ही सारखी असली की एकाच जागी येऊन बसतात.

आता समजा, काळी एकमध्ये गाणारा गायक या खोलीच्या मधोमध बसून दरबारी गातोय. त्याचा मध्य षड्ज साधारण १३८ हर्ट्झचा, म्हणजे मंद्रातला कोमल धैवत ११० हर्ट्झच्या आसपास येतो. दरबारीचा सगळा जीव त्या आंदोलित धैवतात. आणि ११२ हर्ट्झचा फुगवटा खोलीच्या बरोबर मध्यावर सर्वांत जास्त असतो. गायक धैवतावर उतरला की तो स्वर इतरांपेक्षा एकदम मोठा होतो, निषादावर गेला की बसतो. ऐकणाऱ्याला वाटतं, गायकाचा दम सारखा नाही. इथे पाच हजारांचा माइक असो की लाखाचा, दोघेही तेच टिपणार. गायकाला आणि माइकला मध्यापासून हलवून खोलीच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर, तिरकं बसवलं तर निम्मा प्रश्न फुकटात सुटतो.

दुसरा भाग घुमण्याचा. गुळगुळीत प्लास्टर, व्हिट्रिफाइड टाइल्स, काचेची सरकती खिडकी आणि लोखंडी कपाट अशा खोलीत टाळी वाजवून पाहावी. टाळीच्या मागे ‘टर्र’ अशी धातूची शेपूट ऐकू येते. हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाकडे १८९५मध्ये असंच काम आलं. फॉग व्याख्यानगृहात वक्त्याचा शब्द काही सेकंद रेंगाळत राही आणि कुणालाच काही कळत नसे. सॅबिनने शेजारच्या नाट्यगृहातल्या बैठकांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या, ऑर्गनची नळी वाजवली आणि किती गाद्यांनी आवाज किती लवकर विरतो ते स्टॉपवॉच लावून मोजलं. या मोजमापातून स्थापत्य-ध्वनिशास्त्राचं मूळ सूत्र निघालं आणि १९००मध्ये उघडलेलं बोस्टनचं सिंफनी हॉल त्याच्या आधारे बांधलं गेलं. गाद्यांच्या बाबतीत आपण सॅबिनपेक्षा श्रीमंत आहोत. कापसाच्या दोन जाड गाद्या गायकाच्या मागे आणि बाजूला उभ्या केल्या, कपड्यांचं कपाट उघडं ठेवलं, खाली सतरंजीवर रजई अंथरली, की टाळीची शेपूट तुटते.

भिंतीवर चिकटवायचा पातळ फोम आणि अंड्यांचे ट्रे यांविषयी थोडं कडक बोलायला हवं. लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाएवढी जाडी असेल तेव्हा सच्छिद्र पदार्थ ती लहर चांगली शोषतो. १००० हर्ट्झची लहर ३४ सेंटिमीटरची, तिला साडेआठ सेंटिमीटर जाडी लागते. १०० हर्ट्झला ८५. इंचभर फोमने फक्त वरचे तीव्र नाद मरतात, खालची घूं तशीच राहते आणि आवाज कोंदट होतो. अंड्यांच्या ट्रेला तर तेवढंही जमत नाही. चार इंची रॉकवूल कापडात शिवून, भिंतीपासून थोडी पोकळी सोडून कोपऱ्यांत उभं केलं तर तेवढ्याच पैशांत कितीतरी जास्त काम होतं. दुसरं असं, की खोलीतलं घुमणं कमी करणं वेगळं आणि बाहेरचा आवाज अडवणं वेगळं. शेजारच्या कुकरची शिट्टी कुठलाही फोम अडवत नाही. त्याला वजनदार भिंत आणि हवाबंद दार-खिडकी लागते, ती भाड्याच्या घरात होत नाही. शिट्टीची वेळ टाळणं हाच शहाणपणा.

खोलीनंतर अंतर. १९०२च्या नोव्हेंबरात फ्रेड गायसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचं गाणं मेणाच्या तबकडीवर उतरवलं तेव्हा माइक नव्हता, नुसता कर्णा होता. विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण १९२५ला आलं, तोपर्यंत आवाज कमी-जास्त करायचं साधन एकच: गाणाऱ्याने कर्ण्याच्या पुढे झुकायचं किंवा मागे सरायचं. ते साधन आजही सर्वांत प्रभावी आहे. माइक आणि तोंड यांमधलं अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो, खोलीचं घुमणं मात्र जवळजवळ तेवढंच राहतं. दोन फुटांवरून सहा इंचांवर आलं की थेट आवाजाला खोलीपेक्षा १२ डेसिबलची आघाडी मिळते. ‘डायनॅमिक माइक खोली कमी पकडतो, कंडेन्सर जास्त’ असं जे सांगतात, ते म्हणून अर्धसत्य आहे. डायनॅमिक माइक कमी संवेदनशील असतो, त्यामुळे माणूस आपोआप त्याच्या जवळ जातो, एवढाच त्यातला मुख्य भाग.

जवळ जाण्याची किंमतही असते. एकाच दिशेने ऐकणारा माइक तोंडाशी आला की खर्ज फुगतो. शिवाय मराठीत ‘फ’, ‘भ’, ‘ख’, ‘ठ’ अशा महाप्राणांची रेलचेल, त्यांचा हवेचा झोत पडद्यावर आदळून धप्प वाजतो. आणि ‘चमचा’, ‘जाळ’, ‘झाड’ यांतले दंत्य उच्चार, त्यांच्या जोडीला ‘स’ आणि ‘श’, पाच ते आठ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात सुई टोचावी तसे येतात. यावर हुकमी इलाज म्हणजे माइक तोंडासमोर न ठेवता थोडा बाजूला, नाकाच्या उंचीवर ठेवायचा आणि ओठांच्या कोपऱ्याकडे रोखायचा. झोत समोरून निघून जातो, शब्द माइकला मिळतो. मध्ये पॉप फिल्टर हवाच. ‘स’ मऊ करणारी सॉफ्टवेअरं मिळतात, पण ती लावायची पाळी आली म्हणजे माइकची जागा चुकली असं बेलाशक समजावं.

माइक कोणता, हा प्रश्न सगळे पहिला विचारतात. शुअरचा एसएम ५७ १९६५चा, एसएम ५८ त्याच्या पुढच्या वर्षीचा. दोन्ही आजही जसेच्या तसे विकले जातात. मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’मधलं गायन ब्रूस स्वीडिनने एसएम ७ या डायनॅमिक माइकवर घेतलं, हाताशी याहून कितीतरी महाग माइक असताना. घुमणाऱ्या खोलीत, निवेदनासाठी, पहिला माइक असा डायनॅमिक असावा असं माझं मत आहे. तानपुरा, सतार, सारंगी घ्यायची असेल तर कंडेन्सर लागेल. त्याला इंटरफेसमधून ४८ व्होल्ट द्यावे लागतात, आणि पंख्याचा वाराही तो इमानेइतबारे टिपतो. मे महिन्यात दुपारचं रेकॉर्डिंग का ठेवू नये हे वेगळं सांगायला नको.

संगणकाच्या बाजूला लोक उगाच अडखळतात. १९८२च्या सीडीने सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट ही मापं रूढ केली. चित्रफितीसाठी ४८,००० वापरतात. एका बिटला साधारण ६ डेसिबल, म्हणून १६ बिटांत ९६ आणि २४ बिटांत १४४ डेसिबलचा पल्ला मिळतो. २४ बिट निवडले की जुनी एक सवय सोडून द्यायला हवी. टेपला स्वतःची खरखर असे, ती झाकायला रेकॉर्डिस्ट पातळी लाल रेघेपर्यंत चढवत. आज खरखर येते ती खोलीतून. गाण्यातली सर्वांत मोठी तान उणे १२ डेसिबलच्या आसपास पोचेल एवढाच गेन ठेवावा; शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि तो शिवता येत नाही. ९६,००० नमुन्यांची चैन खोली सुधारल्यावर.

गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज मागाहून येतो, ही तक्रार बफरची. ४८,००० नमुन्यांवर २५६चा बफर म्हणजे ५ मिलिसेकंदांहून थोडा जास्त उशीर, जाताना एकदा आणि येताना पुन्हा. १०२४ केला तर एकीकडचाच उशीर २१ मिलिसेकंदांवर जातो आणि तान घेणारा गडबडतो. इंटरफेसवर थेट ऐकण्याचं बटण असेल तर प्रश्नच मिटतो. सॉफ्टवेअरवरून वाद घालण्यात अर्थ नाही: ऑडॅसिटी फुकट आहे, रीपरचा वैयक्तिक परवाना ६० डॉलरचा, आणि शिकताना दोन्ही पुरून उरतात. मागे सतत ‘हूं’ येत असेल तर ती ५० हर्ट्झची वीज. जुन्या इमारतीत अर्थिंग धड नसतं. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर बंद करावा. निम्म्या घरांत रोग तिथेच सापडतो.

वाद्यांविषयी परदेशी पुस्तकं आपल्याला फार मदत करत नाहीत. ती ड्रमसेट आणि गिटारसाठी लिहिलेली. तबल्याचं उदाहरण घ्या. सी. व्ही. रामन यांनी १९२०मध्येच ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं होतं, की शाईमुळे या वाद्यांचे वरचे नाद मूळ स्वराच्या पटीत बसतात. म्हणूनच दायाँ स्वरात लावता येतो, आणि म्हणूनच तो गायकाच्या षड्जावर जाऊन बसतो. मिक्सिंग करताना तबला अंगावर येतो म्हणून त्याच पट्ट्यात कात्री लावली की तबल्याचा स्वर जातो, नुसती टकटक उरते. त्यापेक्षा माइक हलवावा: शाईच्या वर गोलाई, चाटेकडे धार. घरी एकच माइक असेल तर दायाँ-बायाँच्या मध्ये दीड-दोन फूट वर ठेवून वादकाला डग्गा हात आवरून वाजवायला सांगणं सर्वांत बरं. पेटीचा माइक सुरांच्या पट्ट्यांना चिकटवला तर खटखट येते, भात्याशी नेला तर फुसफुस. हातभर लांब आणि थोडा वर ठेवावा. तानपुरा अ‍ॅपवर लावणार असाल तर तो फोनच्या स्पीकरमधून माइकवर कृपया घेऊ नका, केबलने सरळ आत घ्या.

दोन माइक लावले की फेजचं भूत मागे लागतं. गायकाचा आवाज एका माइकमध्ये थेट आणि तबल्याच्या माइकमध्ये ३४ सेंटिमीटर जास्त फिरून गेला, तर तो एक मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही ट्रॅक एकत्र केले की ५००, १५००, २५०० हर्ट्झला खड्डे पडतात आणि आवाज पोकळ होतो. माइक आणि वाद्य यांत जेवढं अंतर, त्याच्या तिप्पट अंतर दोन माइकांमध्ये ठेवावं, हा जुना ठोकताळा बहुतेक वेळा तारून नेतो.

मग उरतं मिक्सिंग. शिकाऊ माणूस सुरुवात तिथूनच करतो आणि वर्षभर तिथेच घुटमळतो. कॉम्प्रेसरचं एकच उदाहरण पुरे. मोठा आवाज ६ डेसिबलने दाबून सगळी पातळी ६ डेसिबलने वर आणली, की शब्दांच्या मधली शांतताही ६ डेसिबलने वर येते आणि जी खोली लपवली होती ती पुन्हा समोर हजर. स्वर दुरुस्त करणारं ऑटो-ट्यून १९९७चं. बारा स्वरांच्या जाळीवर बेतलेलं हे यंत्र बेफिकिरीने लावलं तर दरबारीचा गंधार सरळ पट्टीवर आणून ठेवतं. शास्त्रीय गायनाला ते न लावणंच बरं. पातळीबाबत एवढंच लक्षात ठेवावं, की स्पॉटिफाय उणे १४ एलयूएफएसच्या आसपास सगळी गाणी समान करतं, तेव्हा गाणं पिळून मोठं करण्यात काही हशील नाही.

ऐकण्याचे दोन सापळे मात्र माहीत हवेत. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये मांडून दाखवलं, की कमी आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि तीव्र नाद कमी ऐकू येतात. म्हणून रात्री हळू आवाजात केलेलं मिक्स सकाळी डग्ग्याने भरलेलं निघतं. दुसरा सापळा त्याहून लबाड: दोन आवाजांतला जो किंचित मोठा, तो कानाला चांगला वाटतो. नवं सॉफ्टवेअर लावल्यावर ‘आहा’ वाटतं ते बहुतेकदा या दीड-दोन डेसिबलपायी. समाजमाध्यमांवरच्या ‘आधी आणि नंतर’ छापाच्या धड्यांचं निम्मं बिंग इथेच फुटतं. पातळी सारखी करून मगच निवाडा करावा. स्पीकर महाग हवेत असंही नाही. यामाहाचा एनएस-१० हा १९७८मध्ये घरगुती वापरासाठी आलेला स्पीकर दिवाणखान्यात चालला नाही, पण जगभरच्या स्टुडिओंत जाऊन बसला, कारण इंजिनिअरांना त्याचे दोष पाठ झाले होते.

शिकायचं कुठे? पुण्याच्या एफटीआयआयमधला ध्वनिविभाग हा देशातला नामांकित वर्ग. ‘स्लमडॉग मिलिअनेअर’साठी २००९मध्ये ऑस्कर मिळवणारे रसूल पूकुट्टी तिथलेच. पण तिथल्या जागा मोजक्या आणि शिक्षण चित्रपटाकडे झुकलेलं. खासगी अभ्यासक्रम पुष्कळ आहेत. त्यांत प्रवेश घेण्याआधी एकच प्रश्न विचारावा: आठवड्यातले किती तास प्रत्यक्ष माइकसमोर माणूस बसवून काम असतं? पुस्तकांत माइक सीनिअरचं ‘मिक्सिंग सीक्रेट्स फॉर द स्मॉल स्टुडिओ’ हे छोट्या खोलीत काम करणाऱ्यांसाठीच लिहिलेलं आहे, आणि ऑल्टन एव्हरेस्टचं ध्वनिशास्त्रावरचं जाडजूड पुस्तक चाळायला हरकत नाही. या सीनिअरने आणखी एक मोठं काम केलंय: विद्यार्थ्यांना सरावासाठी शेकडो गाण्यांचे सुटे ट्रॅक फुकट उपलब्ध करून दिलेत. दुसऱ्याने नीट रेकॉर्ड केलेला गायकाचा एकटा ट्रॅक ऐकणं हा डोळे, म्हणजे कान, उघडणारा अनुभव असतो. आपल्या रेकॉर्डिंगमध्ये खोली किती आहे हे त्या दिवशी कळतं.

तुलनेसाठी गाणं निवडताना मात्र भान हवं. ‘सैराट’चा वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर वाजला होता, दहा बाय दहाच्या खोलीने त्याच्याशी स्पर्धा करू नये. एक आवाज, एक पेटी, एक तबला असलेलं जुनं भावगीत घ्यावं, पातळी आपल्या रेकॉर्डिंगएवढी करावी आणि दहा-दहा सेकंदं आलटून-पालटून ऐकावं. कोपऱ्यात बसून केलेल्या उमेदवारीला घरात याहून जवळचा पर्याय नाही.

हा पर्याय आणखी जवळचा करणं आपल्याकडच्या जाणत्यांच्या हाती आहे. मराठी ध्वनिमुद्रणात आयुष्य घातलेले रेकॉर्डिस्ट आणि संगीत कंपन्या यांना माझी विनंती आहे: तुमच्याकडच्या एखाद्या अभंगाचे, एखाद्या नाट्यगीताचे, एखाद्या लावणीचे सुटे ट्रॅक विद्यार्थ्यांसाठी खुले करा, आणि सोबत एका कागदावर माइक कुठे, किती अंतरावर लावला होता तेवढं लिहा.